राखेनं घासलेली बाटली

दुष्काळाच्या साली शेतात ज्वारी उभी राहिली नाही, तेव्हा बायकांचा आडोसा गेला. पीक असलं की बाईमाणूस बांधाच्या आत कुठेही बसू शकते. त्या वर्षी नजर जाईल तिथवर नुसती माती होती. मी आणि माझी थोरली जाऊ सरकारी कामावर खडी फोडायला जायचो. तिला मी आक्का म्हणायचे. कामावर गडीमाणसं, मुकादम आणि उघडा माळ. म्हणून आम्ही पाणीच पीत नव्हतो. सकाळी निघताना घोटभर, मग दिवस मावळेपर्यंत नाही. सगळ्याच बाया तसं करायच्या, पण त्यावर कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

आक्काला लघवीला जळजळ होऊ लागली ती तेव्हाच. तिनं मला विहिरीवर पाणी शेंदताना कानात सांगितलं. आम्ही दोघी अशाच बोलायचो, कुजबुजत. इतरांपुढे माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. आक्का म्हणायची, "तुला देवानं तोंड दिलंय ते नुसतं भाकर खायला."

घरात देव्हाऱ्याखाली एक डबी होती. गावच्या डॉक्टरांनी कधीतरी दिलेल्या लाल-पिवळ्या कॅप्सुली तिच्यात असायच्या. बरं वाटलं की उरलेल्या डबीत टाकायच्या, हा आम्हा बायकांचा रिवाज. पोरांचं पोट बिघडलं, कुणाला ताप आला, जळजळ झाली, की त्यातली एक. सुरुवातीला एकीनं गुण यायचा, पुढं दोन लागू लागल्या. त्या उन्हाळ्यात आक्कानं डबी रिकामी केली तरी काही झालं नाही. एक दिवस हुडहुडी भरून ती खडीच्या ढिगाशेजारीच आडवी झाली. पाठीत अशी कळ की तिला सरळ होता येईना.

मोठ्या दिरांनी, म्हणजे आक्काच्या नवऱ्यानं, आम्हा दोघींना एस.टी.नं नगरला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "लघवीतला जंतू वाढवून पाहायला लागेल. कुठल्या औषधानं मरतो ते कळलं की उपाय करू. याआधी काही गोळ्या घेतल्या?"

"न्हाई साहेब," दीर म्हणाले, "आमच्या घरात कुनी गोळी खात न्हाई."

ते खोटं बोलत नव्हते. डबीचं त्यांना ठाऊकच नव्हतं. मी डोक्यावर पदर ओढून त्यांच्यामागे उभी होते. दिरांपुढे मी कधी बोलले नव्हते.

कापसाचं बूच लावलेली एक बाटली आम्हाला मिळाली. सकाळची पहिली लघवी त्यात आणायची होती. धर्मशाळेत तीन दगडांच्या चुलीवर बाया स्वयंपाक करत होत्या. आक्का तापानं फणफणलेली, तरी पहाटे उठली आणि चुलीतली राख घेऊन बाटली आतून-बाहेरून लख्ख घासली. लोकाचं भांडं घासल्याशिवाय वापरायचं नाही, ही आमच्या घरची शिस्त.

दुसऱ्या दिवशी तपासणीच्या खोलीतल्या बाईंनी आम्हा दोघींना आत बोलावलं. "बाटलीत भलतेच जंतू वाढलेत. काही केलं होतं का बाटलीला?"

"व्हय बाई, राखेनं घासली. अशी चकाकत हुती!" आक्का म्हणाली.

बाई हसल्या नाहीत. "अहो, ती आधी उकळून ठेवलेली होती. तिच्याइतकी स्वच्छ वस्तू तुमच्या-माझ्या घरात नसेल." त्यांनी दुसरी बाटली दिली. म्हणजे पुन्हा वाट पाहायची. तोवर डॉक्टरांनी जी कॅप्सूल सुरू केली ती लाल-पिवळी होती. ती पाहून आक्कानं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. ताप उतरेना. ती पोरांची नावं घेऊन बडबडू लागली. तेव्हा मी एकटी त्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिले. बाईंनी विचारलं, "काय गं?" मी खाली बघत सगळं सांगितलं, डबीचं, पाणी न पिण्याचं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. मग त्या डॉक्टरांकडे गेल्या आणि ती कॅप्सूल बंद झाली.

दुसऱ्या बाटलीचा निकाल त्यांनी मला दाखवला. काचेची उथळ बशी, तिच्यात वडीसारखा थापलेला थर, त्यावर जंतूंची साय धरलेली. मध्ये टिकल्यांएवढे कागद, एकेक कागद एकेका औषधात भिजवलेला. एकाच कागदाभोवती साय नव्हती. चंद्राला खळं पडतं तशी स्वच्छ गोल जागा. "हा कागद तुमच्या कॅप्सुलीचा," त्यांनी दुसरीकडे बोट दाखवलं. तिथे साय कागदाला चिकटून वाढली होती.

खळं पडलेलं औषध इंजेक्शनचं होतं. डॉक्टरांनी दिरांना स्पष्ट सांगितलं, "यानं जीव वाचेल, पण कान जाऊ शकतात."

"ऐकूच येईना झालं तर कामाला कशी जायची ही?" दीर म्हणाले.

आक्का खाटेवरून म्हणाली, "मेल्यावर तरी कुठं ऐकू येतंय? द्या म्हनावं सुई."

ताप उतरला. आधी तिच्या कानात शिट्टी वाजू लागली. परतताना एस.टी. खडखडत चालली होती आणि आक्का खिडकीबाहेर बघून म्हणाली, "गाडीचा आवाज का बंद झाला गं?"

निघताना बाईंनी मला बुचाच्या काही बाटल्या कागदात गुंडाळून दिल्या होत्या. "हा जंतू तुझ्या जावेचाच आहे की तुमच्या सगळ्या भागात पसरलाय, ते आम्हाला बघायचंय. नाहीतर आम्ही तीच कॅप्सूल देत राहू आणि माणसं हातची जातील. कुणाला त्रास असेल तर विचार. दवाखान्याची गाडी कामावर येते, तिच्यात त्याच सकाळची भरलेली बाटली दे." मी मान हलवली. पण असलं कुणाला कसं विचारायचं? बाटल्या फडताळात पडून राहिल्या.

आक्का हिंडूफिरू लागल्यावर पुन्हा खडीवर आली. तिला पाणी पाजायला डॉक्टरांनी बजावलं होतं. मी हळू म्हणाले, ऐकू गेलं नाही. थोडं मोठ्यानं म्हणाले, तरी नाही. शेवटी मी ओरडले, "आक्का, पानी पी! जळजळ हाय का अजून?"

हातोडे थांबले. मुकादम वळून बघू लागला. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. तेवढ्यात पलीकडून एक म्हातारी म्हणाली, "तिला काय इचारती, मला इचार की!"

बाया हसल्या. मग एक तरणी पोर माझ्याजवळ सरकली आणि खाली बघत म्हणाली, "मला बी हाय." आणखी दोघी-तिघी आल्या. गाडीच्या दिवशी सकाळी मी बाटल्या वाटल्या. काय चाललंय ते आक्काला बाटल्यांवरनं कळलं. बहिऱ्या माणसाच्या आवाजात ती साऱ्या माळाला ऐकू जाईल असं ओरडली, "घासू नका गं! राख लावू नका!"

बाईंनी गाडीतून निरोप पाठवला. आमच्या बहुतेकींच्या बशीत त्या कॅप्सुलीभोवती खळं पडलं नव्हतं. आमच्या भागाला ती द्यायची नाही असं ठरलं. आम्ही साऱ्याजणींनी मागितल्यावर मुकादमानं कुरकुरत गोणपाटाचा आडोसा बांधून दिला. बाया पाणी पिऊ लागल्या.

आक्का पुढे पुष्कळ जगली. तिच्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं, त्यामुळे मला ओरडता येऊ लागलं. भाजीत मीठ कमी आहे, पोरगं पास झालं, हे सारं मी तिला ओरडून सांगितलं. पण विहिरीवर कानात सांगायच्या गोष्टी वेगळ्या असतात. त्या ओरडून सांगता येत नाहीत. मला थोडं लिहिता यायचं, म्हणून मी त्या अधूनमधून लिहून ठेवल्या. आक्काला वाचता येत नव्हतं.