कंदील म्हणताच मी फोन कापला

सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. “भाऊजी, हे गेले हो...” आवाज सुमनवहिनींचा होता. पण नुसत्या आवाजावर विश्वास ठेवायचा नाही, अशी त्यांच्या नवऱ्याची, म्हणजे माझा कॉलेजपासूनचा मित्र, मुरुम गावचा वसंत बिराजदार याची सक्त ताकीद होती. म्हणून मी ठरलेला प्रश्न विचारला, “तुळजापूरला आमचं काय हरवलं होतं?” उत्तर ‘चप्पल’ यायला हवं होतं. पलीकडून हुंदका आला आणि मग, “कंदील.” मी फोन कापला. कुणीतरी भामटी, वसंता सुखरूप... इतका आनंद मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

वसंता टेलिफोन खात्यातून निवृत्त झाला आणि मोबाइलच्या तांत्रिक मानकांचे जाडजूड दस्तऐवज वाचू लागला. त्याचा मुख्य राग टूजीवर, म्हणजे मोबाइलच्या जुन्या नेटवर्कवर. त्यात फोनला आपली ओळख टॉवरपुढे सिद्ध करावी लागते, टॉवरला मात्र फोनपुढे नाही. भामट्यांचा खोटा टॉवर जोरदार सिग्नल देत ओरडला की फोन बापडा त्याच्याकडे जातो. थ्रीजीपासून दोघांनी एकमेकांना तपासायचं ठरलं, पण फोन टूजीवर ओढला गेला की पुन्हा तेच. त्यानं घरातल्या फोनांवरचं टूजी बंद करून टाकलं. शेतात फक्त टूजीच यायचं, त्यामुळं तिथं त्याचा फोन निव्वळ घड्याळ होता. वहिनी म्हणायच्या, “चोराच्या भीतीनं दारच बुजवलं की ओ तुमी.”

गावात फाइव्हजीचा टॉवर आला, तेव्हा मांडव, फेटे, नारळ, सगळं झालं. पुढारी अर्धा तास वेगावर बोलले, तोवर माइक दोनदा बंद पडला. शेवटी वसंता उठला. “साहेब, वेग लई चांगलाय. पण ह्यो टॉवर खरा हाय हे माझ्या फोनला कसं कळतं, तेवढं सांगा.” पुढाऱ्यांनी टॉवरकडं बोट दाखवलं. “दिसतोय की समोर!” टाळ्या पडल्या.

मला तो भ्रमिष्ट वाटायचा. एकदा म्हणालो, “तुझा फोन उघडून कुणाला काय मिळणार? तूर कधी विकायची ते?” तो हसला नाही. “पोरगा पुण्यात. उद्या मी नसलो की ही एकटी असणार आणि हिच्या हातात फोन असणार. कुणी माझं नाव घेऊन बोललं तर?” त्या दिवशी आम्हा तिघांत तो प्रश्न ठरला.

त्याचा दुसरा नियम होता की शंका आली तर फोन कापायचा आणि आपल्याला माहीत असलेल्या नंबरवर आपण करायचा. मी वसंताचाच नंबर लावला. तो उचलणार, ही बातमी ऐकून खो खो हसणार... बराच वेळ घंटी वाजली. वहिनींनी उचलला.

“माझा फोन सापडंना, म्हणून शेजारच्यांचा घेतला. कंदीलच हाय आता, भाऊजी. चप्पल म्हणं कुणाचीबी हरवती देवळात, उत्तर कच्चं हाय. ह्यांनी परवाच बदललं. तुमाला भेटल्यावर सांगणार होते, फोनवर नको म्हणले...”

आता वहिनींचा फोन आला की आधी त्या विचारतात आणि मी कंदील म्हणतो. मग मी विचारतो, त्या म्हणतात. त्यानंतरच बोलणं. एकच उत्तर फार दिवस वापरू नये, असं वसंता सांगायचा. आम्हा दोघांनाही ते चांगलं आठवतं. अजून कुणी विषय काढलेला नाही.