घोडी थंड होईपर्यंत

टीव्हीवरच्या सिनेमात नायक कोसच्या कोस घोडा दामटत आला, उडी मारून उतरला आणि धावत घरात बायकोकडे गेला. घोड्याला ना घाम, ना धाप. माझी लेक डोळे पुसत होती. मी मात्र अंगणात तसाच सोडून दिलेला घोडा बघत होते.

ही लेक जन्मली तेव्हा मी लिंबागणेशला माहेरी होते. निरोप मिळताच हे नांदूरघाटाहून घोडीवर निघाले. दारात थांबलेल्या टापा मला बाजेवरून ऐकू आल्या. मग त्याच टापा सावकाश, अंगणात इकडून तिकडे, कितीतरी वेळ. पोरगी झाली म्हणून आत येईनात, असं वाटून मी भिंतीकडे तोंड केलं.

शेवटी आले. अंगाला घोडीच्या घामाचा वास. म्हणाले, "लई पळवली तिला. तशीच उभी केली असती तर आखडली असती. म्हणून फिरवत होतो." मग लेकीला उचललं, ते खाली ठेवीचनात.

सिनेमा अजून चालूच होता. "बघ आई, किती जीव हाय त्याचा बायकोवर," लेक म्हणाली.

"असल्या माणसाला मी तुला दिली नसती," मी म्हणाले.