जोडणाऱ्यानं आधी बसायचं

घणवालीनं जोडलेल्या वस्तूवर पहिल्यांदा घणवालीच बसायची. बैलगाडीच्या चाकाला लोखंडाची नवी धाव चढवली की ती पदर खोचून त्याच चाकाच्या बाजूला चढायची. गाडी नाल्यातल्या गोट्यांवरून आदळत पलीकडे जायची, परत यायची, मग ती उतरायची. "जोडणाऱ्यानं आधी बसायचं," एवढंच म्हणायची. उमापुरात याला कुणी हसत नसे. गाडी घेऊन आलेला माणूस आपणहून जागा सोडायचा.

तिचं छप्पर आमच्या घरामागे होतं. वडील गावातल्या सरकारी शाळेचे हेडमास्तर. मी हैदराबादला मामांकडे राहून इंग्रजी शाळेत शिकत होते आणि सुट्टीत घरी यायचे. शाळेतली भाषा गावात चालत नसे आणि गावातली शाळेत, म्हणून दोन्हीकडे मी गप्पच. मागच्या ओट्यावर पुस्तक उघडून बसायचे आणि पुस्तकाआडून तिच्याकडे बघायचे. तिच्या नवऱ्याची उजव्या हाताची बोटं कधीतरी ऐरणीवर गेली होती. तो डाव्या हातानं भाता ओढायचा, घण ती मारायची. बाईनं मारलेलं लोखंड टिकतं का, असं एका पाटलानं विचारलं, तेव्हा हातातलं काम न थांबवता ती म्हणाली, "लोखंडालाच इचारा, कुणी हाणलं ते. त्याला कळलं तर मला बी सांगा."

कामासाठी ती कुणाच्या दारी गेली नाही. वाड्यावरून बोलावणं आलं तरी नाही. भाता चालत नसतो, गरज चालत येते, असं तिचं म्हणणं.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. दौऱ्यावर आलेल्या तहसीलदारांची मोटार आमच्या नाल्यात आदळली आणि पुढच्या उजव्या चाकावरची वेटोळ्याची स्प्रिंग तुटली. नवी स्प्रिंग लढाई संपेपर्यंत मिळायची नाही, असं ड्रायव्हर सांगत होता. साहेबांचा कारकून असलेल्या पेशकारानं घणवालीला हत्यारं घेऊन चावडीवर बोलावलं. तिनं उलट निरोप धाडला की मोटार इकडे आणा. शेवटी शिपायांनी मोटार ढकलत आणली. मागून साहेब चालत आले आणि आमच्या ओसरीतल्या बाजेवर जाऊन आडवे झाले. पेशकाराचा चेहरा मात्र तेव्हापासूनच उतरला होता.

माळावर रस्त्याची कामं घेणाऱ्या एका गुत्तेदाराची मोडकी मोटार गंजत पडली होती. घणवालीनं त्या मोटारीची स्प्रिंग, तीही तुटकीच, काढून आणवली, सुतळीनं दोन्हींचा घेर मापला, तारेची जाडी बोटांत धरून पाहिली. ड्रायव्हर म्हणाला की दोन्ही टोकं तापवून ठोकून एक कर. तिनं मान हलवली. आगीनं जोडलेली स्प्रिंग जोडाच्या शेजारी तुटते, असं तिनं त्याला समजावलं. तिनं दोन्हींची तुटकी टोकं छाटली, शेवटचे तीन-तीन वेढे लाल करून थोडे उघडले आणि एक स्प्रिंग दुसरीत मळसूत्रासारखी फिरवत नेली. वेढे एकमेकांच्या फटीत बसले. त्यावर लोखंडी पट्ट्या आवळल्या. "हे वेढे आता मुके," ती पट्टीवर बोट ठेवून म्हणाली. "वरचे अन् खालचे बोलतील."

लाल पोलाद कडक व्हायला त्याला पाणी पाजतात, ती या पोलादाला करडईचं तेल पाजायची. तेलातून काढून ते पुन्हा मंद तापवायचं आणि वाळलेली निंबाची काडी त्यावर घासत राहायचं. काडीची तपकिरी रेघ उमटली की काम थांबवायचं. त्या दिवशी तिनं काडी चौदा-पंधरा वेळा घासली. मी ओट्यावरून मोजत होते.

स्प्रिंग चढली. तिनं हात धुतले, पदरानं पुसले आणि मोटारीचं पुढचं दार उघडलं. पेशकार आडवा आला. साहेबांच्या गादीवर लोहारीण बसणार का, असं त्यानं विचारलं. तिनं दार पुन्हा लावलं. पाना उचलला आणि चाकासमोर बसली.

"हे काय?"

"बसू देत न्हाईत ना. मंग माझं मी काढून घेते."

त्यानं कोठडीची धमकी दिली. तिचा पाना फिरतच राहिला. मग त्याला मोटारीतलं दुरुस्तीचं इंग्रजी पुस्तक आठवलं आणि त्यानं मला हाक मारली. मी ओट्यावरून उतरले. स्प्रिंगबद्दल काय लिहिलंय ते वाच, म्हणाला. मी वाचून मराठीत सांगितलं की तुटलेली स्प्रिंग बदलावी, जोडू नये.

"ऐकलंस? ही तुटली तर थेट आत जाशील."

"तुटली तर मी वर असन. आत न्यायला आधी माझी हाडं येचा," ती म्हणाली. "म्हणूनच बसते. कावून बसू देत न्हाईत?" मग माझ्याकडे वळली. "माय, जोडणाऱ्यानं बसू न्हाई असं लिवलंय का त्यात?"

मागच्या दारात वडील उभे होते. त्यांची मान नकारार्थी हलत होती. तो नकार माझ्या बोलण्याला होता, पुस्तकाबद्दल नव्हे. मी पानं उलटली. वाचायचं असं काहीच उरलं नव्हतं.

"नाही," मी म्हणाले. "असं कुठेच लिहिलेलं नाही."

पुरुषांसमोर मी इतकं मोठ्यानं पहिल्यांदाच बोलले होते. तोवर साहेब उठून बाहेर आले होते. त्यांना गेवराईला पोचायची घाई होती. बसू द्या तिला, म्हणाले. तिनं सैल केलेलं पुन्हा आवळलं, आत बसली, ड्रायव्हरकडे सरकली आणि शेजारची गादी थोपटून म्हणाली, "येतीस का? नाल्यापतोर."

मी वडिलांकडे पाहिलं आणि घरात गेले. मोटार नाल्यात उतरल्याचा आणि चढल्याचा आवाज मी खिडकीतून ऐकला. परत आल्यावर ती उतरली, दार उघडंच धरून ठेवलं आणि साहेबांना म्हणाली, "आता तुमी बसा."

महिन्याभरात हुकूम आला. छप्पर सरकारी जागेत आहे, काढा. कुणी लिहिला ते गावाला ठाऊक होतं. चार शहाण्यांनी तिला पेशकाराच्या पाया पडून यायला सांगितलं. "पडले असते," ती म्हणाली, "पर मंग घण उचलायचा न्हाई माझ्यानं." वडील मध्ये पडले नाहीत. मीही.

शिपाई यायच्या आत तिनं छप्पर स्वतःच उतरवलं. भाता, ऐरण, पत्रे गाडीत घातले. दिंद्रुडला भावाकडे निघाली होती. उजव्या चाकाला नवी धाव होती, म्हणून ती उजवीकडे बसली. नवऱ्यानं कासरा धरला. रस्त्याच्या तोंडाशी हुकूम बजावायला पुन्हा गावात आलेला पेशकार उभा होता, कोण कोण निरोप द्यायला येतं ते बघत. कुणी आलं नव्हतं.

तिनं मला ओट्यावर पाहिलं. मग थोडी सरकली. मी पुस्तक खाली ठेवलं आणि जाऊन चढले. पेशकाराच्या समोरून गाडी गेली तेव्हा मी मान खाली घातली नाही. नाल्यात चाक गोट्यांवर आदळलं, माझे दात एकमेकांवर वाजले, धाव तसूभर हलली नाही. पलीकडच्या काठावर तिनं मला उतरवलं, डोक्यावर हात ठेवला आणि गाडी पुढे गेली. त्यानंतर ती मला दिसली नाही.

परत एकटी चालत आले. पेशकार तिथेच होता. मास्तरांची मुलगी त्या गाडीवर काय करत होती, असं त्यानं विचारलं.

"धाव नवी होती," मी म्हणाले. "बसून पाहिली."