मेलेली बाई पोस्टात बसली

डिंगोऱ्यात कुणाच्या घरी नवं माणूस दिसलं की ते कुणाचं कोण, हे विचारायला बायका साळुबाईंकडे येत. साळुबाई तोंडाकडे फारसं पाहत नसत. त्या चाल पाहत. उभा जन्म कांद्याच्या वाफ्यांत गेलेला. खुरपताना बायकांची तोंडं खालीच असतात, ओळखायचं ते पाठीवरून नि पावलांवरून. "ही ओतूरकडची. हिची मावशी अशीच तिरकी चालायची," असं त्या सांगत, आणि ते खरं निघे.

श्रावणात त्यांना ताप चढला. एरवी नवऱ्याचं नाव कधी तोंडातून न काढणाऱ्या साळुबाई तापात दोन दिवस "भिमाजी, बैलं सोडा आता," म्हणत राहिल्या. भिमाजींना जाऊन सहा वर्षं झाली होती आणि बैलं तर त्याच्याही आधी विकलेली. ताप उतरला, पण चाकणच्या कंपनीत असलेल्या त्यांच्या मुलाच्या, भरतच्या मनातून ती हाक काही उतरली नाही.

सून उज्ज्वला गावच्या अंगणवाडीत सेविका. लेक शाळेत, त्यामुळे दहा ते तीन सासू घरी एकटीच. त्या वेळात टीव्हीवर एक इंग्रजी मालिका लागे, माणसं गोरी आणि बोलणं हिंदी. हिरवंगार खेडं, दारोदार फुलं, आणि दर भागात दोन-तीन खून. साळुबाई ती चुकवत नसत. उज्ज्वला तीनला घरी आली की चहाबरोबर सगळा वृत्तान्त.

"आज तिघं गेले. आपल्या गावाएवढं बी न्हाई ते, आन् माणसं मरत्यात किती! मतं कोण देतं मग तिथं?"

"आत्याबाई, गोष्ट आहे ती."

"गोष्ट झाली म्हणून काय? आज मयतीला सारं गाव काळ्या कपड्यांत, आन् उद्या जत्रंत केक खातंय. सुतक तरी धरा की रं! आन् त्या इन्स्पेक्टरची लेक कुठं गेली? एवढं थाटात लग्न लावलं, पुन्हा एकदा माहेरी आली न्हाई. बापानं नाव बी काढलं न्हाई."

उज्ज्वला हसे. पोरांच्या खाऊची नि वजनाची रजिस्टरं भरताना हे ऐकायला तिला बरं वाटे.

नवरात्रात एके दिवशी ती घरी आली, तर साळुबाई टीव्ही बंद करून बसलेल्या.

"मेलेली बाई पोस्टात बसली," त्या म्हणाल्या.

उज्ज्वलाच्या हातातली पिशवी तशीच राहिली. "कोण?"

"पाणचक्कीत बुडाली व्हती ती. वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी. आज पोस्टात तिकिटं विकतीय, आन् 'तू कशी गं इथं?' म्हणून कुणी इचारीना."

दुसऱ्या दिवसापासून कामावर निघताना उज्ज्वला गॅसच्या टाकीचं बटण गुपचूप बंद करून जाऊ लागली.

शनिवारी भरत आला. साळुबाईंनी त्यालाही हेच सांगितलं. तो उठून स्वयंपाकघरात आला.

"ऐकलंस? परत मेलेली माणसं दिसायला लागली तिला. दिवाळी झाली की घराला कुलूप. तिघी चाकणला चला. तू राजीनामा देऊन टाक."

उज्ज्वला कणीक मळत होती. बारा वर्षांपूर्वी लेक प्राची सहा महिन्यांची असताना अंगणवाडीची जागा निघाली होती. भावकी म्हणाली, तान्हं पोर टाकून कुठं जाते. साळुबाईंनी प्राचीला कडेवर घेतलं नि म्हणाल्या, "पोर माझी मी बघते. तू फारम भर." आज त्याच बाईमुळे ती नोकरी जाणार होती. आणि सासूचं डोकं जाग्यावर आहे, असं नवऱ्याला ठणकावून सांगायची उज्ज्वलाची छाती होत नव्हती. तेच जास्त टोचत होतं.

तिनं हात धुतले आणि बाहेर आली. "आत्याबाई, ती बुडालेली बाई नीट सांगा बरं."

"लाल केसांची. पिवळा रेनकोट. तीन पायांचं कुत्रं व्हतं तिचं. निम्म्यात लाईट गेली व्हती, मग शेवट तेवढा बघितला."

"अहो, जुने भाग मोबाईलवर असतात ना? शोधा," मागोमाग आलेल्या भरतला ती म्हणाली.

"काय खूळ काढलंस?" भरत म्हणाला, पण मोबाईल काढला. चौथ्या भागात तीन पायांचं कुत्रं सापडलं. त्याच्या मागं लाल केसांची बाई. मग त्यानं परवाचा भाग लावला. पोस्टातली बाई पांढऱ्या केसांची, चष्म्याची, अंगानं भरलेली.

"आई, ही वेगळी आहे गं."

"तोंड नको बघू. चालव तिला."

भरतनं भाग पुढं सरकवला. पोस्टातली बाई टपाल घेऊन रस्त्यानं निघाली. डावा खांदा खाली, उजवं पाऊल बाहेर. त्यानं पुन्हा कुत्र्याचा भाग लावला. पिवळा रेनकोट पाणचक्कीकडे चालला होता. डावा खांदा खाली, उजवं पाऊल बाहेर. भरतनं दोन्ही भागांच्या शेवटी येणारी नावं बोट ठेवून वाचली. नाव एकच होतं, सालांत चार वर्षांचं अंतर.

"नटी तीच आहे," तो हळूच म्हणाला. "चार वर्षांनी दुसरं काम दिलंय तिला."

"मंग? मला कळत न्हाई व्हय, सोंगं असत्यात ती? नारायणगावच्या तमाशात एकच गडी राजा व्हतो नि शिपाई बी. पर तो चाल बदलतो. हिनं केस रंगवले, चाल तीच ठेवली. आन् गावात कुणी वळखू नये? आसलं गाव आसतंय का कुठं?"

भरत हसला. मग हसू आवरून मोबाईलकडे पाहत राहिला.

"तापात मी कुणाला हाक मारली, ते बी ठावं हाये मला," साळुबाई म्हणाल्या. "उभ्या जन्मात एकदा नाव घेतलं, तर तुमी घराला कुलूप लावाया निघाला."

स्वयंपाकघरातलं बोलणं त्यांनी ऐकलं होतं तर. भरतची मान खाली गेली.

"काळजी वाटते गं, आई."

"वाटू दे. दुपारची शेजारच्या कोंडाबाईला बोलावते बसाया. तिला येकदा बी खुनी सापडला न्हाई, तिची काळजी कर."

सोमवारी पहाटेच भरत चाकणला गेला. कुलपाचा विषय पुन्हा निघाला नाही. दहाला उज्ज्वला पिशवी घेऊन उंबऱ्याशी आली, मागं फिरली आणि सासूच्या पाया पडली.

"आज कोणता सण?" साळुबाईंनी विचारलं.

"काही नाही."

"मग जा की. पोरं खोळंबली असतील. तीनला ये, तवर खुनी धरून ठेवते."

उज्ज्वला बोळाच्या तोंडाशी पोचली तेव्हा तिच्या लक्षात आलं, टाकीचं बटण आज चालूच राहिलं. ती पुढं चालू लागली.