विसळून लावायचं

मूग भिजत घातलेत. स्टँडवर कुणीतरी कर्ण्यातून गाडी पुकारतंय. चष्म्याची एकच काडी. "काका, हा पंप आता कंपनी बनवत नाही." पालथा चमचा. ओल्या केसांचा वास.

दुपारचं जेवण झालंय आणि खुर्चीतच डोळा लागायच्या बेतात असलेल्या अच्युतरावांच्या डोक्यात हे असं काहीबाही तरंगतंय. मेकॅनिक आज पुन्हा येणार आहे. त्याला एकच उत्तर हवंय: डिशवॉशर दुरुस्त करायचा, की भंगारात घालायचा? त्यांच्याकडेच राहणारी लेक रेवा म्हणते, नवा घेऊ. म्हणते आणि मोबाइल घेऊन खोलीत जाते. अच्युतरावांच्या तोंडून 'हो' निघत नाही. बायकोनं, कुंदाताईंनी हट्टानं आणलेला आहे तो, आणि कुंदाताई जाऊन दुसरा उन्हाळा लागलाय. त्यांच्यामागे घरात कुणी बोलत असेल तर तो डिशवॉशर. आता तोही मुका.

"बंद पडला ना?"

ओट्याशी कुंदाताई. पदर खोचलेला, हात नळाखाली.

"पडला," अच्युतराव म्हणतात.

"बरं झालं. फार घरघरायचा मेला."

"त्याला मेला म्हणू नकोस."

"अगंबाई! मेले मी, आणि कळवळा त्याचा!"

अच्युतराव नळाखाली ताट धरतात. खरकटं वाहून जातं. पाणी मात्र जात नाही, घोट्यापर्यंत चढतं. बेसिन नाहीच, नदीची पायरी आहे. आणि पलीकडच्या काठाला डिशवॉशर दार उघडं टाकून बसलाय, डुंबून आलेल्या म्हशीसारखा. दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नाही.

"अजून विसळूनच लावता भांडी?"

"तूच सांगितलंस. खरकटं आत गेलं की मशीन बाटतं."

कुंदाताई तोंडाला पदर लावून हसतात. "अहो, खरकट्यासाठीच असतं ते! धुतलेली भांडी धुवायला कोण मशीन आणेल?"

"मग इतकी वर्षं मी..."

"जेवल्यावर हात वाळायच्या आत बातम्या लावायचात तुम्ही. विसळायचं म्हटल्यावर शेजारी उभे राहायला लागलात. बोलायला लागलात."

"सांगायचंस तरी."

"सांगितलं असतं तर उभे राहिला असतात?"

अच्युतराव वळून बघतात. नदी नाही. स्टँडचं कँटीन आहे, आणि कुंदाताई पिशवी खांद्याला लावतायत.

"अगं, पण दुरुस्त करू की नको?"

"मला काय विचारता? मी थोडीच जेवते आता तुमच्याकडे." हातातला ओला पेला त्या त्यांच्याकडे देतात. "धरा. माझी गाडी लागली."

"बाबा, मेकॅनिक आलाय. काय सांगू?"

खुर्चीशी रेवा.

"नवा घे."

रेवा हळूच म्हणते, "नव्यात विसळून लावायला लागत नाही हं."

"जुन्यातही लागत नव्हतं," अच्युतराव म्हणतात. "तरी आपण विसळू. तू उभी राहा शेजारी."

त्यांना उठवायला ती हात पुढे करते, आणि त्यांचा हात हातात आल्यावर थबकते. बोटांची टोकं पांढरी पडलीत, चुरमडलीत. बराच वेळ पाण्यात असावीत तशी.

जुना डिशवॉशर घरी आला त्या दिवशी सोसायटीत पाणी नव्हतं. अच्युतराव आणि कुंदाताई केळीच्या पानावर जेवले होते.