गाडीच्या मागे

"ब्रेक तू टाइट केलास ना? मग जा, गाडीच्या मागे उभा राहा."

करी रोडच्या टॉवरचा उतार. तळघरातल्या पार्किंगमध्ये उतरणारा, चांगलाच तिरका. वर साहेबाची गाडी, आत ब्रेकवर पाय देऊन साहेब, खाली भिंत, मधे मी उभं राहायचं. साहेबाचे पाहुणे बाजूला, एकाने मोबाइल काढलेला. "यांच्याकडे अशीच टेस्ट असते," साहेब त्यांना हसत सांगत होता.

असते, खोटं नाही. आमच्या लालबागच्या गॅरेजात ज्याने हँडब्रेक केला, तोच गाडी उतारावर लावून मागे उभा राहतो. मला काम शिकवणारे उस्ताद राहायचे, म्हणून मीही राहतो. कुणी सांगत नाही. ती आमची ऐट आहे. साहेबाने ते बघितलं आणि त्याचा खेळ केला. मागच्या खेपेला मला याच उतारावर उभं केलं आणि आत बसून मुद्दाम हँडब्रेकचा लिव्हर सोडला. गाडी हातभर मागे आली. मी किंचाळलो. तो पोट धरून हसला. मग मीपण हसलो. हसलो, च्यायला! त्या हसण्याची मला अजून किळस येते.

या खेपेला तर ड्रम उघडलेच नव्हते. मागच्या चाकांच्या ड्रममध्ये ब्रेकचे शू असतात. आधी ते नीट बसवायचे, मग हँडब्रेकची केबल ताणायची. नुसती केबल ताणली की लिव्हर हाताला कडक लागतो, पण चाक धरेलच याचा भरवसा नाही. सांगितलं होतं मी. "टाइम नाही, केबल खेच आणि दे," साहेब म्हणाला. आमच्या गॅरेजच्या शेठने डोळे वटारले. मी खेचली.

"साहेब, ड्रम उघडून करू द्या. मग राहतो उभा."

त्याने सरळ शेठला फोन लावला, स्पीकरवर. शेठ म्हणाला, "उभा राहा रे गुपचूप. नाहीतर उद्यापासून येऊ नको."

पाय निघाले होते माझे. खरंच निघाले होते. घरात मिळवता मी एकटा, पोरगी अजून रांगते. गाडीच्या मागे पोचलो. बंपर मांडीला लागला. वाटलं, चाकाखाली दगड लावतात तसा लावतायत मला. दगडाला निदान कुणी हसत तरी नाही.

"नाही राहणार," मी म्हणालो. आवाज चिरकला. "टेस्ट बघायचीय ना? तुम्ही राहा."

"माजलात तुम्ही चाळीतले लोक," साहेब म्हणाला आणि त्याने वॉचमनला हाक मारली. वॉचमन काका मालवणकडचे, माझ्या बापाच्या वयाचे. टोपी काढून हातात धरली, गाडीच्या मागे गेले, डोळे मिटून उभे राहिले. "काका, हटा!" मी ओरडलो. ते हटले नाहीत. साहेबाने हँडब्रेक ओढला आणि ब्रेकवरचा पाय काढला.

गाडी हलली नाही. ब्रेकने धरलं. सगळे हसले. "बघ, म्हातारा तुझ्यापेक्षा मर्द निघाला."

कामावरून काढलं मला. शेठने आसपासच्या गॅरेजांत सांगून ठेवलंय, कुणी दारात उभं करत नाही. बायको म्हणते, "जा ना, पाया पड. काय झिजतं तुझं?" तिचं काय चुकतं? डबे रिकामे आहेत. मलाही धडकी भरते. पोरगी रडायला लागली की वाटतं जावं, डोकं टेकावं त्या साहेबाच्या बुटांवर आणि संपवावं सगळं.

गेलो टॉवरच्या गेटवर. साहेबाकडे नाही, काकांकडे. विचारलं, का उभे राहिलात?

"माका नोकरी व्हयी रे झिला," ते म्हणाले. माझ्याकडे बघितलं नाही.

ब्रेकने धरलं, म्हणून मी चुकलो का? नाही. माणसाला असं उभं करायचंच नाही, ब्रेक नवा कोरा असला तरी. काकांना नंबर देऊन आलोय. साहेबाने पुन्हा गाडीमागे उभं राहायला बोलावलं तर आधी मला फोन करा, म्हटलंय. ते करतील की नाही, माहीत नाही. केला, तर मी येईन आणि त्याच्या गाडीचं दार धरून उभा राहीन. त्याला आत बसू देणार नाही. पोलीस बोलाव म्हणावं, मार म्हणावं. मी हटणार नाही.