मामांना हाक कुणी मारायची?

माझ्यावर या जगात सर्वांत जास्त उपकार आहेत ते माझ्या सोपानमामांचे, आणि त्यांना मी भर दिवसा, दुपारी तीन वाजता, सापुताऱ्याच्या रस्त्यावर हरवलं.

उपकार किती ते आधी सांगतो, म्हणजे गुन्हा केवढा ते कळेल. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंतच. आठवीला मामांनी मला येवल्याला आपल्या घरी आणलं. ते पैठणी विणायचे. मागाच्या खोलीत उजेड चांगला, म्हणून मी मागाशेजारी पोतं टाकून अभ्यास करायचो. धागा तुटला की खटखट थांबायची, माझं पाठांतरही थांबायचं. मामा वर न बघता म्हणायचे, "दत्तू, माग थांबला म्हणून तू थांबायचं नाय." असा मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर झालो. आता ओझरला एका कारखान्यात सुट्या भागांची मापं तपासतो. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची चूक माझ्या नजरेतून सुटत नाही. (साडेपाच फुटांचे मामा सुटले!)

मामांनी डोंगर पाहिले होते ते एसटीच्या खिडकीतून, तेही लांबून. सहल म्हणून ते कधी कुठे गेले नव्हते. म्हणून गाडी घेतली तेव्हाच मी ठरवलं, पहिली सहल मामांची. एवढा एक दिवस त्यांचा सुखात गेला पाहिजे. माझ्या बायकोने, वैशालीने, मोबाइलवर यादीच केली: हातगडचा किल्ला, सापुताऱ्याचा रोपवे, तळ्यातली बोट, दोरीला लटकून दरी ओलांडणं.

"दोरीला कोण लटकणार?" मामींनी विचारलं.

"मामा!" वैशाली म्हणाली.

"लटकू दे. चाळीस वर्षं मीच लटकलेय."

वणी मागे पडलं आणि डोंगर सुरू झाले. मामा पुढच्या सीटवर पट्टा लावून, फोटो काढायला बसल्यासारखे ताठ बसले होते. मधेच बोट दाखवून म्हणाले, "दत्तू, त्या डोंगराची कड बघ. अगदी नारळी काठ! कुणी विणला असंल?" मला भरून आलं. दिवस सुखात चालला होता.

बोरगाव ओलांडलं आणि धुकं लागलं. धुकं आमच्याकडे आलं म्हणण्यापेक्षा आम्हीच त्याच्या पोटात शिरलो. आधी डोंगर गेले, मग झाडं, मग गाडीचं बॉनेट. आवाजसुद्धा गेले. काचेवरच्या वायपरचं कुईकुई तेवढं उरलं. दिवे लावले, तर समोर एक पिवळी भिंत उभी राहिली.

"थांब जरा," मामा म्हणाले. "मोकळा होऊन येतो."

रस्त्याच्या कडेला शेंदूर फासलेला एक दगड होता. त्यावर वाघ, चंद्र, सूर्य कोरलेले. मामा त्याच्याकडे चार पावलं गेले, आणि धुक्याने त्यांना पुसून टाकलं.

पाच मिनिटं झाली. दहा झाली.

"एवढा वेळ?" वैशाली म्हणाली.

"वय झालंय त्यांचं," मामी म्हणाल्या. पंधरा मिनिटांनी त्याच म्हणाल्या, "एवढंही नाय झालं!"

आम्ही उतरलो. दगडापाशी मामांच्या चपला होत्या, देवापुढे काढाव्यात तशा. शेजारी शेजारी, नीट जुळवून, जणू आत कुणाच्या घरी गेलेत. आत मात्र घर नव्हतं. होतं ते नुसतं पांढरं, पसरलेलं.

मोबाइलला रेंज नव्हती. मी हॉर्न वाजवला. तो डोंगरावर आदळून परत आला, मग डावीकडून आला, मग आमच्या पाठीमागून. मामी मागे वळून म्हणाल्या, "दुसरी गाडी हाय का?" दुसरी गाडी नव्हती. मी हॉर्न सोडला आणि तोंडाला हात लावून हाका मारायला लागलो. कॉलेजात वक्तृत्वाचं बक्षीस होतं मला. आवाज मोठा आणि भाषा शुद्ध.

"मामाऽऽ! आपण कुठे आहाऽऽत?"

"...आहाऽऽत," डोंगर म्हणाला.

"मामाऽऽ! आपण सुखरूप आहाऽऽत का?"

"काऽऽ?" या वेळी आवाज बाईचा होता. वैशालीने माझा दंड धरला. मामींनी दोघांचे धरले. धुक्यातून गवताचा एक भारा तरंगत आमच्याकडे येत होता. भाऱ्याखाली म्हातारीचं तोंड, त्याखाली विळा, आणि त्याखाली काही नाही.

"पाय बघ, दत्तू!" मामी कुजबुजल्या. "उलटे हायेत का?"

"दिसतच नाहीत!"

"आई गंऽऽ!"

म्हातारी जवळ आली तेव्हा पाय निघाले, आणि ते सरळ होते. भारा खाली टाकून ती माझ्यावरच उखडली. "मामा, मामा करून कशाला बोंबलतो रं?"

"आजी, मामा हरवलेत. तुम्ही पाहिलंत का त्यांना?"

"हरवलाय कुठं? मघाशी तर बघितला. वर खडकावर बसलाय."

आमच्या जिवात जीव आला. "काय करत होते?"

"काय करणार? पडलाय. पोट भरलंय ना. काल माझा बोकड खाल्ला."

मामींचा हात गळ्याकडे गेला. "बोकड? अवो, माळ हाय त्यांच्या गळ्यात!"

"माळ-बिळ मला नाय दिसली," म्हातारी म्हणाली. "कूड फोडून घरात शिरला आणि मानेला धरून घेऊन गेला."

"काल तर हे येवल्यात होते!"

"असंल. लय फिरतो तो. अमावास्या झाली की इकडं येतोच."

मामींनी डोळे बारीक केले. चाळीस वर्षांच्या सगळ्या अमावास्या त्या मनात तपासत होत्या, हे मला स्पष्ट दिसत होतं. "दत्तू, अमावास्येला माग बंद असतो रे यांचा. मनमाडला सुताला जातो म्हणायचे!"

"मामी, काहीतरी गैरसमज..."

"एकटाच असतो का?" मामींनी म्हातारीला विचारलं. आवाज अगदी गोड होता. (हा आवाज आला की मामा आणि मी मागाजवळून उठायचो.)

"आता कुठला एकटा? बायको हाय. दोन लेकरं झाली औंदा."

मामी मटकन चपलांशेजारी बसल्या. "या वयात!"

"बायको लय वाईट," म्हातारी सांगत होती. "लेकरांजवळ कुणी गेलं तर सोडत नाय. ह्याच्या शेपटीवर पाय पडला तरी हा उठून जाईल, पण ती..."

"शेपटी?" आम्ही तिघं म्हणालो.



"आजी," मी म्हणालो, "मामा म्हणजे..." आणि दगडावरच्या वाघाकडे बोट दाखवलं.

"मग कोण?" म्हातारीने आवाज खाली आणला. "आमच्या वाडीत त्याचं नाव नाय घेत. नाव घेतलं की येतो. मामा म्हणायचं. मामा भाच्याला खात नाय."

हे ऐकून मामींचा संसार वाचला, पण मला माझ्या हाका आठवल्या. माझे अनवाणी मामा धुक्यात एकटे होते, लेकुरवाळा वाघ वर खडकावर होता, आणि मी शुद्ध मराठीत, बक्षीसपात्र आवाजात, अर्धा तास दोघांच्या मधे उभा राहून आमंत्रण देत होतो: आपण कुठे आहात!

"मग आम्ही हाक मारायची कशी?" वैशालीने विचारलं.

"माणसाला माणसाच्या नावानं मारा. काय नाव त्याचं?"

मी तोंड उघडलं. माझ्या उभ्या आयुष्यात मी मामांना नावाने हाक मारलेली नाही. मारणार कशी? ज्यांच्या ताटात जेवलो त्यांना "ए सोपान" म्हणू? मी तोंड परत मिटलं.

"अहो, मारा ना!" वैशाली म्हणाली.

"तू मार."

"मी? मामेसासऱ्यांना? नावाने?"

आम्ही दोघं मामींकडे वळलो. मामी ओरडल्या, "माझ्याकडं काय बघता? लग्नात घेतलं तेवढंच!"

म्हातारीने कपाळावर हात मारला. "एक माणूस, तीन नातेवाईक, आणि हाक मारायला कुणी नाय!"

तेवढ्यात वर कुठेतरी दगड निसटला. एक, मग दुसरा. मग कुणीतरी मोठा श्वास सोडावा तसं काहीतरी. आम्ही श्वास सोडला नव्हता. आम्ही धरला होता.

मामी उठल्या. डोक्यावर पदर घेतला, घसा साफ केला, आणि त्या धुक्याकडे तोंड करून, मांडवात उभ्या असल्यासारखा, खणखणीत उखाणा घेतला:

"डोंगरावर उतरलं धुकं, दिसंना झाडाचं पान,
सोपानरावांचं नाव घेते, आता तरी द्या कान!"

काही हाललं नाही. मग दगडामागून, जेमतेम वीस पावलांवरून, आवाज आला: "अगं, हळू!"

मामा आले. शर्ट उलटा घातलेला. मामींनी आधी त्यांना चाचपलं आणि मग झापलं. "इथं होता तर ओ का नाय दिली?"

"वाट सापडंना. म्हटलं चकवा लागला. चकवा ओळखीच्या आवाजात हाका मारतो, ओ द्यायची नसते. शर्ट उलटा घालून खाली बसायचं." मग माझ्याकडे वळले. "आवाज दत्तूचा होता, पण म्हणत होता 'आपण सुखरूप आहात का'. माझा दत्तू असं कधी बोलला? तेव्हाच ओळखलं, हे भूत हाय!"

"आणि मामींचं कसं ओळखलंत?" वैशालीने विचारलं.

"भूत आवाज काढील, पोरी. हिच्यासारखा हुकूम कुठून काढणार?"

आम्ही हसलो. म्हातारीसुद्धा हसली. मामा चपला घालत म्हणाले, "तसा एकटा नव्हतो मी. ह्या आजींचं वासरू होतं सोबतीला. पाठीला पाठ लावून बसलेलं. लय ऊबदार. मी मागं हात करून खाजवलं, तर घुरघुरलं बिचारं."

म्हातारी हसायची थांबली. "माझ्याकडं वासरू नाय," ती म्हणाली.

गाडीत बसायला आम्हाला चार सेकंद लागले. भारा डिकीत टाकून म्हातारीला वाडीपर्यंत सोडलं. उतरताना ती मामांना म्हणाली, "मामाजवळ मामा बसला. त्यात काय झालं?"

रोपवे, बोट, दोरी, सगळं राहिलं. दुसऱ्या दिवशी मामा पहिल्या एसटीने येवल्याला गेले. आठवडाभर मला काही सुचेना. फोनवर बोललेलं मामांना खरं वाटत नाही, म्हणून मी पत्र पाठवलं. ते असं:

"ती. सोपानमामांस, दत्तूचा शि. सा. नमस्कार.

तुम्हाला एक दिवस सुखाचा द्यायचा होता, तो मी वाघाच्या शेजारी बसवून घालवला. माफ करा. मी कॉलेजात भाषा शिकलो आणि तीच भाषा ऐकून तुम्ही मला भूत समजलात. चूक तुमची नाही. त्या आवाजात तुमच्या घरी जेवलेला दत्तू नव्हता. यापुढे तुमच्याशी बोलताना मी 'आपण' म्हणणार नाही.

मामींकडून कळलं की तुम्ही गल्लीत सगळ्यांना सांगता, दत्तूच्या सहलीइतकी मजा आयुष्यात आली नाही. हे माझं मन राखायला सांगत असाल, तर थांबवा. खरं असेल, तर दिवाळीनंतर सापुताऱ्याला पुन्हा जाऊ.

फक्त त्याआधी मामींकडून मला दोन-चार उखाणे शिकून घ्यायचे आहेत. तुम्ही म्हणाला होतात, पदवी घेतलीस, आता तुला शिकवायला आमच्याकडे काही उरलं नाही. मामा, मी पाठीवर पोतं घेऊन पुन्हा येवल्याला येतोय. आठवीपासून सुरू करू."